वेद विकणाऱ्यांचा अधिकार

महाभारताच्या अनुशासनपर्वात नरकात जाणाऱ्यांची यादी आहे. त्या यादीत वेद विकणारे आहेत, वेदांना दूषण देणारे आहेत आणि वेद लिहून काढणारेही आहेत. पाणिनीय शिक्षेने अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितले, त्यांत लिहिलेलं पाहून म्हणणारा एक. वेद मुखात राहायचा, गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात जायचा. तो कागदावर उतरवणं हाच मुळात उणेपणा, आणि उतरवून त्याची किंमत घेणं म्हणजे तर पातक.

मुंबईच्या कोलभाट लेनमधल्या एका घराण्याने ही दोन्ही कामं उघडपणे केली. १९१२ साली निर्णयसागर छापखान्याने शुक्ल यजुर्वेदाची वाजसनेयी संहिता उवट आणि महीधर यांच्या भाष्यांसह छापून विक्रीला ठेवली. संपादन वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकरांचं, छापखाना तुकाराम जावजींचा. त्याआधी आणि त्यानंतर याच छापखान्यातून उपनिषदं निघाली, ब्रह्मसूत्रांवरचं शांकरभाष्य निघालं, मनुस्मृती आणि याज्ञवल्क्यस्मृती निघाल्या, पतंजलीचं महाभाष्य आणि योगवासिष्ठ निघालं, चरक आणि सुश्रुत निघाले. काशीपासून तंजावरपर्यंतच्या पंडितांनी हे ग्रंथ मांडीवर घेतले. आजही संस्कृतचा अभ्यासक पाठभेदाबद्दल अडला, की निर्णयसागरची प्रत काय म्हणते ते पाहतो.

हे घराणं वेदपाठी नव्हतं, ब्राह्मणही नव्हतं. परंपरेच्या हिशेबाने ज्यांनी हे शब्द ऐकणंही वर्ज्य होतं, त्यांच्याच मालकीच्या यंत्रावर ते छापले गेले. मग या घराण्याने केलं ते पाप की पुण्य? पवित्र ग्रंथावर अधिकार कोणाचा: ज्याला जन्माने तो दिला गेला त्याचा, की जो तो ग्रंथ बिनचूक राखतो त्याचा? हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात जितका आहे, तितकाच निर्णयसागरच्या इतिहासातही आहे.

या इतिहासाची पहिली पायरी निर्णयसागरचे संस्थापक जावजी दादाजी यांच्या आधीची. मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना मराठीत ख्रिस्ती पुस्तकं छापत होता. भंडारी समाजातल्या गणपत कृष्णाजींनी तिथलं काम पाहिलं आणि स्वतः शिळाप्रेस उभा केला. १८३१ साली, म्हणजे शके १७५३ मध्ये, त्यांनी छापील मराठी पंचांग काढलं. तोवर पंचांग म्हणजे जोशीबुवांनी हाताने नकललेली पोथी किंवा त्यांच्या तोंडून ऐकायची गोष्ट. छापील कागदाला हात लावायला सोवळे लोक कचरत, कारण शाईत चरबी असते हे सगळ्यांना ठाऊक होतं. गणपत कृष्णाजींनी शाईत चरबीऐवजी तूप वापरलं, असं त्या काळाबद्दल लिहिणाऱ्यांनी नोंदवलं आहे.

ही गोष्ट अनेकदा नुसती गंमत म्हणून सांगितली जाते. तिच्यात गमतीपेक्षा बरंच काही आहे. शिळाप्रेसचं सगळं तंत्रच तेलकटपणा आणि पाणी एकमेकांना दूर लोटतात यावर चालतं. दगडावर स्निग्ध शाईने लिहायचं, दगड ओला करायचा, मग रूळ फिरवायचा. शाई फक्त लिहिलेल्या जागी धरते. स्निग्ध पदार्थाशिवाय अक्षर उमटतच नाही. म्हणजे चरबीचा आक्षेप या धंद्याच्या गाभ्यालाच होता. गणपत कृष्णाजींनी तो आक्षेप हसण्यावारी नेला नाही आणि धंदाही बंद केला नाही. श्रद्धावंताचा संकोच खरा मानून त्यांनी कारागिराच्या अकलेने त्यावर उपाय काढला. गणपत कृष्णाजी १८६० साली वारले, पुढे मुलगा कान्होबाने छापखाना चालवला. तोवर छापील पंचांग देवघरात जाऊन बसलं होतं आणि शाईत काय आहे याची चौकशी मागे पडत चालली होती.

पावित्र्याबद्दलचा स्पर्शाचा प्रश्न असा एका पिढीत विरला. अधिकाराचा प्रश्न मात्र इतका सोपा नव्हता.

जावजी दादाजी चौधरी यांचा जन्म १८३९ चा, मुंबईचा, गरीब घरातला. शाळा फारशी झाली नाही. दहाव्या वर्षी ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात महिना दोन रुपयांवर खिळे घासायला लागले. साच्यातून निघालेल्या खिळ्याच्या कडा घासून तो नीट बसेल असा करायचा, हे त्यांचं काम. या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी खिळ्यांवर मोठी मेहनत घेतली होती. ती विद्या शुभवर्तमानं छापण्यासाठी जन्माला आली, आणि तिच्याच बळावर पुढे त्या पोराने शांकरभाष्य छापलं. जावजी नंतर टाइम्सच्या छापखान्यात गेले, तिथून इंदुप्रकाशमध्ये. १८६४ साली त्यांनी स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला. अक्षरांचे ठसे कोरणारे राणोजी रावजी आरू हे त्यांचे सोबती. १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू झाला.

देवनागरी खिळ्यांची अडचण ज्यांनी हाताने जुळणी पाहिली आहे त्यांनाच नीट कळेल. इंग्रजीला थोडीच अक्षरं पुरतात. देवनागरीत मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरं मिळून शेकडो खिळे लागतात. संस्कृतात जोडाक्षरांची गर्दी आणखी वाढते. त्यावर वेदाचा मजकूर असला, तर अक्षराच्या खाली-वर स्वरचिन्हं द्यावी लागतात. एक रेघ इकडची तिकडे झाली की उदात्ताचा अनुदात्त होतो. टीकाग्रंथाचं पान आणखी किचकट. वर मोठ्या खिळ्यांत मूळ, खाली बारीक खिळ्यांत भाष्य, त्याखाली भाष्यावरची टीका, आणि तळाला पाठभेद. अशी पानं निर्णयसागरने इतकी रेखीव केली, की ‘निर्णयसागरी’ हे विशेषणच झालं.

आता या पानामागचा माणूस डोळ्यांपुढे आणावा. समोर खिळ्यांची केस, हातात स्टिक, बाजूला पंडिताने दुरुस्त केलेली प्रत. जुळारी एकेक अक्षर उचलतो, उलटं लावतो, ओळ भरली की ती गॅलीत सरकवतो. प्रूफ निघतं, शास्त्रीबुवा ते तपासतात, खुणा करतात. जुळारी चिमट्याने चुकीचा खिळा उपसून बरोबर खिळा बसवतो. पुन्हा प्रूफ, पुन्हा खुणा. मग फर्मा यंत्रावर चढतो. छपाई झाली की खिळे सुटे होऊन केसमधल्या आपापल्या घरात परततात आणि उद्या एखाद्या काव्यात, परवा पंचांगात, तेरवा मुलांच्या मासिकात जाऊन बसतात. विनायक कोंडदेव ओकांचं ‘बालबोध’ हे मासिक १८८१ पासून याच छापखान्यातून निघत होतं.

मंत्राचं पावित्र्य खिळ्याच्या धातूत असतं, तर तो खिळा पुन्हा वापरता आला नसता. ते जुळाऱ्याच्या जातीवर ठरत असतं, तर त्या पानावरून शिकलेल्या पंडितांची विद्याही बाटली असती. तसं कोणी म्हटलं नाही. पंडितांनी पान पाहिलं, पाठ पाहिला, शुद्ध आहे म्हणाले आणि पुस्तक विकत घेतलं. एका व्यवहारातून त्यांनी एक तत्त्व मान्य केलं: ग्रंथ पवित्र राखायचा म्हणजे तो अचूक राखायचा.

हे तत्त्व पाश्चात्त्य यंत्राबरोबर आलेलं नाही. वैदिकांची स्वतःची परंपराच त्याची साक्ष आहे. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ हे सगळे प्रकार एकच काम करतात. शब्द सुटे करून किंवा पुढून-मागून, उलटसुलट जोडून म्हणायचे, म्हणजे एखादा गळला किंवा घुसला तर लगेच कानाला खटकेल. मौखिक परंपरेने उभारलेली ही प्रूफ तपासण्याची यंत्रणाच होती. मराठीतही याचं उदाहरण आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी आपली ओवी आत घालू नये अशी ताकीद शेवटी लिहून ठेवली. एवढा मोठा संत, पदरी स्वतःचं भागवत. तरी त्यांना दुसऱ्याच्या ग्रंथातल्या चुका काढत बसणं हे ईश्वराचं काम वाटलं. निर्णयसागरच्या पंडितांनी आणि जुळाऱ्यांनी जे केलं ते याच वाटेवरचं.

१८८६ साली ‘काव्यमाला’ सुरू झाली, तेव्हा ही वाट फार रुंद झाली. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि मुंबईचे काशिनाथ पांडुरंग परब तिचे संपादक. ठिकठिकाणच्या पोथ्या मिळवायच्या, ताडून पाहायच्या आणि छापायच्या. जगन्नाथ पंडिताचा रसगंगाधर, आनंदवर्धनाचा ध्वन्यालोक अभिनवगुप्ताच्या लोचनटीकेसह, आणि १८९४ साली भरताचं नाट्यशास्त्र, अशी पुस्तकं त्यातून बाहेर पडली. नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात एक कथा आहे. शूद्रांना वेद ऐकता येत नाहीत, म्हणून सर्व वर्णांसाठी पाचवा वेद निर्माण करावा, अशी विनंती देवांनी ब्रह्मदेवाला केली आणि त्यातून नाट्य जन्माला आलं. हा ग्रंथ ज्या घराण्याने लोकांपुढे आणला, त्या घराण्याला ती कथा किती जवळची होती हे वेगळं सांगायला नको.

जावजी ५ एप्रिल १८९२ रोजी वारले. तुकाराम जावजींनी काम पुढे नेलं, त्यांच्यानंतर पांडुरंग जावजींनी. याच काळात अधिकाराचा प्रश्न महाराष्ट्रात पेटला. १८९९ च्या सुमारास कोल्हापुरात शाहू महाराजांच्या स्नानाच्या वेळी पुरोहिताने वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले. महाराजांना वेदोक्ताचा अधिकार नाही, असं त्याचं म्हणणं. प्रत्यक्ष छत्रपतींच्या वंशातल्या राजाला हे ऐकावं लागलं. वाद वर्तमानपत्रांत गेला, वतनांपर्यंत गेला आणि पुढची कित्येक वर्षं महाराष्ट्राच्या राजकारणाला त्याने वळण दिलं. त्या वादात दोन्ही बाजू शास्त्राधार मागत होत्या, आणि शास्त्राधार शोधायचा म्हणजे छापील ग्रंथ उघडायचे. राजाने मंत्र ऐकावा की नाही यावर खल चालला असताना मुंबईत ते ग्रंथ जुळवले जात होते, छापले जात होते, बांधले जात होते, आणि पैसे मोजणाऱ्या कोणालाही विकले जात होते.

१९१७ साली निर्णयसागरने भामती, कल्पतरू आणि परिमल या टीकांसह ब्रह्मसूत्र शांकरभाष्य काढलं, अनंतकृष्णशास्त्रींनी संपादित केलेलं. अद्वैताच्या अभ्यासात या आवृत्तीला मान आहे. याच ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात अपशूद्राधिकरण येतं. शूद्राला वेदविद्येचा अधिकार नाही, असा निष्कर्ष आचार्य तिथे काढतात आणि वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानांत शिसं आणि लाख ओतण्याचं स्मृतिवचन आधाराला घेतात. त्याच ठिकाणी विदुर आणि धर्मव्याध यांना ज्ञान झालं होतं हेही त्यांना मान्य करावं लागतं, आणि इतिहास-पुराणांचा मार्ग चारही वर्णांना खुला आहे असंही ते सांगतात. एकच ब्रह्म सर्वांत आहे असं सिद्ध करणाऱ्या ग्रंथातलं हे सर्वांत अवघड पान.

ते पानही निर्णयसागरने जसंच्या तसं छापलं. शिशाच्या खिळ्यांनी.

इथे कोणी म्हणेल, की यात तत्त्व कसलं शोधायचं? तो धंदा होता. खपेल ते छापायचं, पैसे मिळवायचे. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तरही आहे. पुरोहित दक्षिणा घेतो, म्हणून त्याचं कर्म खोटं ठरत नाही. कीर्तनकार बिदागी घेतो, म्हणून कीर्तन वाया जात नाही. मोबदला घेऊन केलेलं काम धर्मकार्य ठरू शकतं की नाही, हे त्या कामात माणूस किती जीव ओततो यावर ठरवावं लागतं. नफाच हवा असता तर पंचांगं, आरत्या, व्रतकथा आणि शाळेची पुस्तकं पुरेशी होती. महाभाष्यावर कैयटाचा प्रदीप आणि त्यावर नागेशाचा उद्द्योत असं तिहेरी पुस्तक घ्यायला किती गिऱ्हाईक येणार? ते जुळवायचं, चार-चार वेळा तपासायचं, कसलेल्या शास्त्र्यांना पदरी ठेवायचं, हे नुसत्या हिशेबाच्या वहीतून निघत नाही. १८८८ साली पुण्यात महादेव चिमणाजी आपटे यांनी आनंदाश्रम संस्था काढली आणि संस्कृत ग्रंथमाला सुरू केली. ते दान होतं. निर्णयसागर घराणं दानावर जगलं नाही, विक्रीवर जगलं, आणि तरीही दर्जा राखला. दोघांच्याही ग्रंथांना विद्वानांनी सारखाच मान दिला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ग्रंथ छापला की गुरू सुटतो. पुस्तक वाचणाऱ्याची चूक कोण दुरुस्त करणार? स्वराची रेघ कागदावर दिसते, पण स्वर ऐकू येत नाही. ज्याची तयारी नाही त्याच्या हाती उपनिषद पडलं तर तो त्याचा भलताच अर्थ लावेल. जुन्या लोकांची ही भीती पोकळ नव्हती. मंत्र हा ध्वनी आहे असं मानणाऱ्या परंपरेला छापील मंत्र अपुरा वाटणारच. परंतु छपाईने पाठशाळा बंद पडल्या नाहीत. महाराष्ट्रात आजही घनपाठी आहेत, आणि वेदपठणाच्या परंपरेला २००३ साली युनेस्कोने मानवतेचा वारसा म्हणून गौरवलं. यज्ञात मंत्र मुखानेच म्हटला जातो, अभ्यासासाठी पुस्तक उघडलं जातं. दोन्हींनी आपापली कामं वाटून घेतली.

हीच वाटणी दुसऱ्या एका प्राचीन धर्मानेही केली आहे. ज्यूंच्या प्रार्थनागृहात जी तोरा वाचतात ती चर्मपत्रावर हातानेच लिहिलेली असावी लागते. एक अक्षर गळलं तरी ती गुंडाळी वाचनाला अपात्र ठरते. अभ्यासाचा तालमूद मात्र छापील चालतो. त्याची सर्वांत मान्यता पावलेली आवृत्ती विल्ना शहरात, आजच्या विल्नियसमध्ये, १८८० ते १८८६ या काळात निघाली. ती काढली रोम नावाच्या घराण्याने. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून हे घराणं छपाईच्या धंद्यात होतं. घरातला कर्ता पुरुष डेव्हिड रोम वारल्यावर त्याची पत्नी डेबोरा हिने दिरांसह छापखाना हाती घेतला. म्हणून त्या आवृत्तीच्या नामपृष्ठावर छापखान्याचं नाव ‘विधवा आणि बंधू रोम’ असं आहे. परंपरेने स्त्रियांना तालमूद शिकवला जात नसे. जगभरातले रब्बी जी प्रत प्रमाण मानतात, तिच्या पहिल्याच पानावर एका विधवेचा उल्लेख आहे.

लखनौत मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ साली छापखाना काढला. ते हिंदू, आणि त्यांच्या छापखान्याने कुराणाच्या आवृत्त्या छापल्या. मुसलमान घरांत त्या वाचल्या गेल्या. ग्रंथाची राखण करायला त्या धर्मात जन्म घ्यावा लागत नाही, हे उत्तर हिंदुस्थानातल्या मुसलमान वाचकांनी आणि त्या हिंदू मुद्रकाने मिळून दाखवून दिलं.

मुंबईत परत यावं. १९४० च्या दशकात निर्णयसागरमधून निघालेल्या ग्रंथांची नामपृष्ठं पाहावीत. प्रकाशक म्हणून तिथे नाव आहे: सत्यभामाबाई पांडुरंग. १९४१ सालची चरकसंहिता, यादवजी त्रिकमजी आचार्यांनी चक्रपाणीच्या टीकेसह संपादित केलेली, या नावाने निघाली. त्याच दशकात नारायण राम आचार्य यांच्या संपादनाखाली १९४६ साली मनुस्मृतीची दहावी आवृत्ती निघाली आणि १९४८ साली एकशे वीस उपनिषदांचा संग्रह निघाला. ज्या स्मृतीत स्त्रियांचे संस्कार मंत्रांविना करावेत असं लिहिलं आहे, ज्या परंपरेत उपनिषद स्त्रीच्या कानी पडू नये असं बजावलं आहे, ते ग्रंथ एका स्त्रीच्या नावाने चालणाऱ्या छापखान्यातून देशभर जाऊ लागले. सभा भरली नाही, ठराव झाला नाही, कोणाही धर्मपीठाने निवाडा दिला नाही. शास्त्रीमंडळींनी पुस्तकं घेतली आणि पाठ सुरू केला.

१९४६ सालाला आणखी एक महत्त्व आहे. त्याच वर्षी, त्याच मुंबईत, थॅकर आणि कंपनीने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. शाळेत त्यांना संस्कृत शिकू दिलं नव्हतं, फारसी घ्यावं लागलं होतं. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्यांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचं दहन झालं. १९४६ च्या ग्रंथात त्यांनी वेद, ब्राह्मणग्रंथ, सूत्रं आणि स्मृती यांची वचनंच्या वचनं उभी करून उलटतपासणी घेतली. ही उलटतपासणी छापील ग्रंथांच्या जगातच शक्य होती. ग्रंथ पंडिताच्या कपाटात आणि पंडिताच्या मुखात असेपर्यंत, ‘शास्त्रात असं आहे’ म्हटलं की वाद संपायचा. ग्रंथ छापून दुकानात आला की विचारता येतं: कुठे आहे? कोणत्या अध्यायात? आणि त्याच्या पुढच्या श्लोकात काय आहे?

छपाईने विषमतेची वचनंही पसरवली, हा तिसरा आक्षेप म्हणून नेहमी मांडला जातो. तो नाकारता येणार नाही. मनुस्मृती स्वस्तात घरोघरी गेली आणि तिचा आधार घेणाऱ्यांना बळ मिळालं. पण लपवलेल्या वचनाशी लढता येत नाही. निर्णयसागरने अपशूद्राधिकरण गाळलं नाही, मनूचे कठोर श्लोक गाळले नाहीत, स्वतःच्या सोयीचा पाठ घुसडला नाही. ज्या ग्रंथाने आपल्यालाच बाहेर ठेवलं, तो ग्रंथ काना-मात्रा न बदलता जगापुढे ठेवणं याला फार मोठं मन लागतं. भक्ताला शास्त्र मिळालं, टीकाकारालाही शास्त्र मिळालं, आणि दोघांना एकच, विश्वासार्ह पाठ मिळाला.

ज्ञानेश्वरांनी अठराव्या अध्यायात वेदाला कृपण म्हटलं आहे. वेद संपन्न खरा, पण तो तीन वर्णांच्याच कानी लागला. ती उणीव भरून काढण्यासाठी तो गीतेच्या रूपाने पुन्हा सर्वांपुढे आला, असा त्या ओव्यांचा भाव. सातशे वर्षांपूर्वी, १२९० साली, हे मराठीत सांगितलं गेलं. ज्ञानेश्वरांनी अर्थ खुला केला. मूळ शब्द खुला व्हायला आणखी सहा शतकं लागली, आणि तो खुला करणाऱ्यांत खिळे घासणारा एक मुलगा होता.

तेव्हा अधिकाराच्या प्रश्नाला या घराण्याच्या इतिहासातून मिळणारं उत्तर स्पष्ट आहे. जन्माने मिळालेला अधिकार ग्रंथ वाचवू शकला नाही असं नाही. पाठशाळांनी तो हजारो वर्षं वाचवला, त्यांचं ऋण मोठंच आहे. पण एकोणिसाव्या शतकात पोथ्यांना कसर लागली, राजाश्रय आटला, तेव्हा त्या ज्यांनी उचलल्या, ताडल्या, जुळवल्या आणि चुकीला घाबरून पुन्हा पुन्हा तपासल्या, त्यांचा अधिकार कामातून सिद्ध झाला. तो जावजींचा आहे, राणोजी आरूंचा आहे, परब आणि पणशीकरांचा आहे, सत्यभामाबाईंचा आहे, आणि ज्यांची नावं कुठल्याच पुस्तकावर नाहीत त्या जुळाऱ्यांचाही आहे. त्यांना नरकात पाठवणारी यादी धर्मग्रंथात असेल, पण ती यादी आज शुद्ध पाठासह वाचता येते तीही अशाच माणसांच्या श्रमांमुळे.

दिल्ली आणि वाराणसीच्या प्रकाशकांनी निर्णयसागरच्या अनेक ग्रंथांची छायामुद्रणं केली आणि ती अजून विकली जातात. त्यांतल्या काहींवर मूळचं नामपृष्ठ राहिलेलं नाही; पान तेच, खिळे तेच, आणि छापणाऱ्याचं नाव गेलेलं. महाराष्ट्रातल्या जुन्या ग्रंथालयांत मूळ प्रती अजून आहेत. कागद पिवळा पडला आहे, कडा हातात तुटतात. ग्रंथपालांनी त्या रद्दीत काढू नयेत. त्यांच्या डिजिटल प्रती करताना पहिलं आणि शेवटचं पान सोडू नये, आणि सूचीत संपादकाबरोबर छापखान्याच्या मालकाचं नावही नोंदवावं. धर्माचा इतिहास शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी वेदोक्ताच्या वादाबरोबर या नामपृष्ठांचाही धडा लावावा. आणि ज्याच्या घरी आजोबांच्या कपाटात अशी एखादी प्रत असेल, त्याने ती उघडून आधी प्रकाशकाचं नाव मोठ्याने वाचावं, मग मंगलाचरण.